कादंबरीचा खर्डा आणि सहलेखकांचे वाचन

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला की तो लगेच कुणाला तरी वाचायला द्यावा, अशी ओढ बहुतेक लेखकांना लागते आणि नेमकी हीच ओढ काही आठवडे आवरावी लागते. त्या वेळी लेखकाला अभिप्राय नको असतो, शाबासकी हवी असते. ती मिळाली तर पुनर्लेखन मागे पडते आणि न मिळाली तर हिरमोड होऊन तेच मागे पडते. म्हणून हातावेगळा केलेला मजकूर निदान महिना-दीड महिना बाजूला ठेवावा. त्यानंतर त्याची छापील प्रत काढून, हातात पेन न घेता, शक्यतो दोन-तीन दिवसांत ती सलग वाचून काढावी. या वाचनात जे दोष आपले आपल्याला दिसतात, ते आधी आपणच दूर करावेत. याचे कारण व्यावहारिक आहे. कोणताही वाचक एखादी कादंबरी पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो. आपल्यालाच ठाऊक असलेल्या चुका दाखवून घेण्यात ते वाचन खर्ची पडले, तर त्या वाचकाकडून पुन्हा तेवढे कोरे मन मिळत नाही.

लेखकांनी एकमेकांचे लेखन वाचण्या-ऐकण्याची रीत मराठीत जुनी आहे. १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले कवी एकत्र जमून आपल्या कविता एकमेकांना ऐकवत. परंतु कविता एका बैठकीत ऐकून होते, तिच्याबद्दल तिथल्या तिथे बोलता येते. अडीचशे-तीनशे पानांच्या कादंबरीला ही सोय नाही. गद्याच्या बाबतीत हे काम दीर्घकाळ संपादकांनी केले. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर किती बारकाईने काम केले, याच्या आठवणी मराठी साहित्यव्यवहारात अजूनही निघतात. मौजेचे ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले, आणि आज नव्या लेखकाच्या वाट्याला प्रकाशनगृहाकडून पुष्कळदा केवळ मुद्रितशोधन येते, संपादन येत नाही. अशा स्थितीत सहलेखकांकडे, म्हणजे आपल्यासारख्याच इतर लिहिणाऱ्यांकडे, वळणे स्वाभाविक आहे. मात्र सहलेखक हा संपादक नव्हे, हे पहिल्यापासून लक्षात ठेवले तर बराच मनस्ताप वाचतो. संपादक पुस्तकाची जबाबदारी घेतो, सहलेखक ती घेत नाही आणि त्याने घेऊही नये. वाचताना आपल्याला काय झाले हे त्याने सांगायचे. त्यावर काय करायचे हे लेखकाने ठरवायचे. या लेखातील बाकीच्या बहुतेक सूचना या एका विभागणीतून निघतात.

वाचक कोण आणि किती

तीन ते पाच वाचक पुरतात. दोघांचे मत जुळले नाही तर निवाडा करायला तिसरा नसतो, आणि सात-आठ जणांचे शेरे एकत्र झाले की लेखक मतमोजणी करू लागतो. या चार-पाच जणांत एक तरी कादंबरीकार असावा, कारण तीनशे पाने तोलून धरताना काय सुटते याची जाण कथाकाराला किंवा कवीला असेलच असे नाही. कवी मात्र जरूर असावा. वाक्यातला सैलपणा त्याच्या कानाला लगेच खटकतो. एक वाचक कादंबरी ज्या भागात घडते तिथला असावा आणि एक त्या भागाशी काहीही संबंध नसलेला असावा. पहिला खोटे काय ते सांगतो, दुसरा अपुरे काय ते सांगतो. घरातली माणसे, गुरुस्थानी असलेल्या व्यक्ती आणि ज्यांच्यावर एखादे पात्र बेतले आहे ते लोक या यादीत घेऊ नयेत.

देवघेव बरोबरीची असावी. ज्याच्याकडून तीनशे पाने वाचून घ्यायची, त्याचे तेवढेच लेखन कधी ना कधी आपणही तितक्याच मनापासून वाचायचे, हे आधीच बोलून घ्यावे. वेळही विचार करून मागावी. पावसाळ्याचे पहिले दोन-तीन महिने मराठीतले पुष्कळ लेखक दिवाळी अंकांच्या कथा-लेखांत अडकलेले असतात. त्या दिवसांत दिलेला खर्डा टेबलावर पडून राहतो आणि मग संकोचापोटी घाईघाईने चाळला जातो. दिवाळी उलटल्यावर सहा आठवड्यांची मुदत देऊन दिलेले हस्तलिखित अधिक नीट वाचले जाते.

प्रत कशी द्यावी

फाइल युनिकोडमध्येच असावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर रूपांतरित करताना रफार सरकतात, ‘ऱ्या’ फुटतो, जोडाक्षरे सुटी होतात, आणि वाचकाचे निम्मे लक्ष त्यातच जाते. प्रत्येक पानावर पानक्रमांक आणि प्रत्येक प्रकरणाला क्रमांक असावा. सर्वांना एकच प्रत जावी, आणि तिच्या नावात तारीख असावी, म्हणजे ‘पान ११२’ म्हटल्यावर सगळ्यांचे पान ११२ एकच असेल. मध्येच सुचलेली दुरुस्ती करून ‘ही नवीन फाइल पाहा’ असा निरोप धाडू नये. ज्यांना पडद्यावर वाचणे जमत नाही, त्यांना झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत द्यावी. तिच्यात ओळींमधले अंतर सढळ आणि उजवीकडचा समास दोन बोटे तरी रुंद ठेवावा. खर्च लेखकाचा.

प्रतीसोबत एक छोटे पत्र द्यावे. त्यात कादंबरीचा आशय, प्रेरणा, त्यासाठी केलेला अभ्यास यांपैकी काहीही सांगू नये. जे पुस्तकाच्या वाचकाला मिळणार नाही, ते या वाचकालाही मिळता कामा नये. त्याऐवजी पाच-सहा प्रश्न विचारावेत आणि ते ‘कसे वाटले’ या जातीचे नसावेत, कारण या प्रश्नाला मराठीत ‘छान जमलंय’ हे एकच सभ्य उत्तर आहे. वाचन कोणत्या पानावर थांबवावेसे वाटले? कुठे परिच्छेद गाळून पुढे गेलात? कोण कोणाचे कोण हे कुठे विसरायला झाले? कोणत्या प्रसंगावर विश्वास बसला नाही? साधारण अर्ध्यावर आल्यावर पुढे काय होईल असे वाटत होते? वाचून आठवडा झाल्यावर, पुस्तक न उघडता, काय आठवते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. लेखकाने ज्या प्रसंगासाठी महिनाभर झटापट केली तो चारही वाचकांना आठवत नसेल आणि सहज लिहून गेलेले एखादे पान चौघांनाही आठवत असेल, तर कादंबरीचा गाभा कुठे आहे याचा फेरविचार करावाच लागतो.

समासात खुणा करण्याची पद्धतही ठरवून द्यावी, आणि ती जितकी साधी तितकी चांगली. जिथे कंटाळा आला तिथे उभी रेघ, जिथे गोंधळ झाला तिथे प्रश्नचिन्ह, जिथे पटले नाही तिथे फुली, आणि जिथे थांबून पुन्हा वाचावेसे वाटले तिथे बरोबरची खूण. शब्दांत लिहायचे तर एका ओळीत. वाक्य बदलून देण्याची परवानगी एखाद-दुसऱ्या वाक्यापुरतीच ठेवावी. चांगला लेखक दुसऱ्याचा परिच्छेद हातात आला की न कळत तो आपल्या वळणाचा करून टाकतो. तो परिच्छेद पूर्वीपेक्षा सुबक दिसतो, पण त्या कादंबरीचा उरत नाही.

एकेक प्रकरण की संपूर्ण कादंबरी

पुष्कळ गटांत दरमहा एक प्रकरण वाचण्याची प्रथा असते. लिहिण्याची शिस्त लागण्यासाठी ती उपयोगी आहे, पुनर्लेखनासाठी फारशी नाही. बारा महिन्यांत बारा प्रकरणे ऐकणाऱ्याला तिसऱ्या प्रकरणातला तपशील अकराव्याच्या वेळी आठवत नाही आणि मग तो प्रत्येक प्रकरण स्वतंत्र कथेसारखे तोलतो; प्रत्येकाचा शेवट ठसठशीत हवा अशी मागणी करू लागतो. तिच्या नादी लागलेल्या कादंबरीला दर वीस पानांनी टाळीची जागा येते. गती, पुनरावृत्ती, एखाद्या पात्राचे दीर्घकाळ गायब होणे हे दोष सलग वाचनातच दिसतात. म्हणून आधी सर्वांनी संपूर्ण खर्डा घरी वाचावा, त्यावर एक मोठी बैठक व्हावी आणि पुढच्या बैठकांत फक्त अडलेली प्रकरणे घ्यावीत.

मोठ्याने वाचण्याचा उपयोग संवादांपुरता करून घ्यावा, मात्र वाचन लेखकाने करू नये. लेखक आपल्या वाक्यात नसलेला विराम आवाजाने भरून काढतो, आणि अभिवाचनाची सवय असलेला लेखक तर कोणताही मजकूर तारून नेतो. दुसऱ्या कुणाला तरी, त्याने आधी न पाहिलेले पान, थेट वाचायला द्यावे. तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने टिंब द्यावे. एवढे पुरते.

बैठक

मोठ्या बैठकीत लेखकाने बोलू नये, हा नियम अनेक गट सांगतात आणि फार थोडे पाळतात. पहिल्या वीस मिनिटांत ‘अहो, ते पुढे नवव्या प्रकरणात येतं’ हे वाक्य येतेच. ते नवव्या प्रकरणात येत असूनही वाचकाला इथे अडचण झाली, हीच तर माहिती लेखकाला हवी असते. त्यामुळे बैठक चालवण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे, लेखकाने फक्त वहीत लिहीत राहावे आणि त्याला शेवटची पंधरा मिनिटे प्रश्न विचारण्यासाठी मिळावीत. तेव्हाही त्याने खुलासे करू नयेत, प्रश्नच विचारावेत.

आपल्याकडच्या साहित्यिक बैठकांची एक खास अडचण आहे. ज्येष्ठ लेखक आधी बोलतात आणि मग बाकीचे ‘सरांनी म्हटल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्याच मताभोवती फिरतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येकाने आपले म्हणणे बैठकीपूर्वी अर्ध्या पानात लिहून द्यावे. दुसरा, बोलण्याची सुरुवात वयाने सर्वांत लहान असलेल्यापासून करावी. दोन्ही केल्यास उत्तम. ज्येष्ठांचा यात अवमान होत नाही, उलट त्यांना चार मते ऐकून बोलायला मिळते.

सुरुवातीला प्रत्येकाने ही कादंबरी कोणाची आणि कशाबद्दल आहे, ते दोन-तीन वाक्यांत सांगावे. चौघांनी चार वेगळ्या व्यक्तींना मुख्य पात्र मानले, तर भाषेच्या चर्चेत शिरण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी फक्त रचनेवर बोलावे. बैठकीनंतर गटाच्या व्हॉट्सॲपवर सुटे शेरे टाकत राहू नये. ते हरवतात, आणि रात्री अकराला आलेला एखादा तिरकस शेरा विनाकारण आठवडाभर डोक्यात राहतो.

शेऱ्यांचे काय करावे

बैठक झाल्यावर आठवडाभर खर्ड्याला हात लावू नये. मग एक वही घेऊन तिच्यात रकाने आखावेत: पान, शेरा कोणाचा, वाचताना त्याला काय झाले, त्याने कोणता उपाय सुचवला, आणि आपला निर्णय. तिसरा आणि चौथा रकाना वेगळा करणे हे या साऱ्या खटाटोपातले सर्वांत कष्टाचे काम आहे, कारण लोक बहुधा उपायच सांगतात. ‘हे भाषण कापा’ असे म्हणणारा वाचक प्रत्यक्षात ‘इथे मला कंटाळा आला’ असे म्हणत असतो. त्याचा कंटाळा खरा आहे, त्याबद्दल वाद घालता येत नाही. उपाय मात्र चुकीचा असू शकतो.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका कादंबरीत गिरणगावातले एक कुटुंब आहे: गिरणीत काम करणारे आबा, बदली कामगार असलेला मुलगा वसंत आणि शाळकरी मुलगी सुमन. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचे दिवस आहेत. सातव्या प्रकरणात कामगारांच्या सभेतले चार पानी भाषण आहे आणि प्रकरणाच्या शेवटी आबा गावी निघून जातात. पहिला वाचक म्हणतो, भाषण कापा. दुसरी म्हणते, आबा गावी का गेले ते कळले नाही, तिथे त्यांचे एक स्वगत घाला. तिसऱ्याला वसंत एकाएकी भडक माथ्याचा झाल्यासारखा वाटतो. चौथ्याला भाषण अतिशय आवडले आहे.

चारही शेरे निरनिराळे दिसतात. वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावर मात्र लक्षात येते की पहिल्या तिघांचा अडथळा एकच आहे आणि तो सातव्या प्रकरणात नाहीच. हे घर महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत पगारावर चालते आणि कोणत्या तारखेनंतर वाण्याच्या उधारीवर, हे वाचकाला आधी कुठेच दिसलेले नाही. संपाने या घरातून काय हिरावले हे ठाऊक नसल्यामुळे भाषण लांब वाटते, आबांचे जाणे अचानक वाटते आणि वसंतचा संताप उसना वाटतो. दुरुस्ती तिसऱ्या प्रकरणात करायची आहे. तिथे संपापूर्वीच्या एका साध्या दिवशी वाण्याची वही अर्ध्या पानापुरती उघडून दाखवली की पुष्कळ काम भागते. भाषण ठेवावे, पण ते सभेत उभ्या असलेल्या वसंतच्या कानांनी न ऐकता, नळावर रांगेत उभी असलेली सुमन ते लाउडस्पीकरवरून तुटक तुटक ऐकते असे करून पाहावे. चौथ्या वाचकाचे भाषण शाबूत राहते आणि पहिल्याचा कंटाळाही जातो.

यावरून काही अडाखे बांधता येतात. एकाच पानावर तिघे अडखळले, तर तिथे दोष आहे, पण त्याचे मूळ वीस-चाळीस पाने मागे शोधावे. एकाच जागेबद्दल दोघांची मते टोकाची असतील, तर ती जागा बहुधा जिवंत असते; ती बोथट करू नये, स्पष्ट मात्र करावी. एकट्याच वाचकाने काढलेली शंका तपशिलाची असेल तर तपासून घ्यावी आणि आवडीनिवडीची असेल तर सोडून द्यावी. ज्या शेऱ्याने आपल्याला सर्वांत जास्त राग आला, त्याच्यापुढे निर्णय न लिहिता तो रकाना महिनाभर कोरा ठेवावा.

दुरुस्तीचा क्रम

आधी रचना, मग प्रकरणे, मग प्रसंग, मग वाक्ये आणि अगदी शेवटी शुद्धलेखन. हा क्रम सगळ्यांना माहीत असतो, तरी हात आधी वाक्याकडेच जातो, कारण वाक्य सुधारल्याचे समाधान लगेच मिळते. जे प्रकरण कदाचित काढून टाकावे लागणार आहे, त्यातली वेलांटी तपासण्यात दुपार घालवू नये. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार असे शुद्धलेखनाचे अठरा नियम हाताशी असावेत, पण ते काम शेवटच्या फेरीचे.

रचनेच्या टप्प्यावर घटनांचा तक्ता करावा: एका बाजूला प्रकरण, दुसऱ्या बाजूला वर्ष, महिना, शक्य तिथे तिथी आणि प्रत्येक पात्राचे वय. सहलेखकांपैकी ज्याची स्मरणशक्ती दांडगी आहे, त्याच्याकडून हा तक्ता स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, हे ठाऊक असलेला वाचक १९६६ सालच्या नायकाला ट्राममधून उतरवू देणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, म्हणून १९७० साली दादरच्या चाळीत लोक शेजाऱ्याकडे टीव्ही बघायला जमणार नाहीत. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या बाजारात नवे पैसे नव्हते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर झाला. त्या भागातली कादंबरी विसर्जनाची रात्र वगळून त्या पहाटेकडे येऊ लागली, तर तिथला वाचक थांबतो. कोशात हे मिळते हे खरे, पण कोश उघडावा अशी शंका आधी कुणाला तरी यावी लागते आणि लेखकाला ती येत नाही.

वाक्याच्या टप्प्यावर मराठी कादंबरीत तीन गोष्टी हमखास घसरतात, आणि त्या पाहण्याचे काम तिघांत वाटून द्यावे. पहिली, निवेदक कोणाला अहो-जाहो करतो आणि कोणाला अरे-तुरे. दुसरी, ‘गेला’ आणि ‘जातो’ यांची सरमिसळ. ती मुद्दाम केली असेल तर कळते, नकळत झाली असेल तर नुसती टोचते. तिसरी, बोली. मालवणी ‘माका’ आणि वऱ्हाडी ‘माह्या’ एकाच पात्राच्या तोंडी आलेले हस्तलिखित दुर्मीळ नाही. त्याहून अधिक आढळतो तो कोणत्याच गावचा नसलेला ग्रामीणपणा, ज्यात ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ पेरले की काम झाले असे समजतात. बोलीच्या बाबतीत त्या भागातल्या वाचकाचा शब्द अखेरचा मानावा. इथे तरी उपायही त्याचाच घ्यावा.

वरच्याच कादंबरीतला एक परिच्छेद जवळून पाहू. खर्ड्यात तो असा होता:

“आबा गॅलरीत बसले होते. संप सुरू होऊन सहा महिने झाले होते. त्यांना खूप वाईट वाटत होते. घरात पैसे नव्हते आणि वाण्याची उधारी वाढत चालली होती. आबा उठला आणि सुमनला म्हणाला, ‘तू जाऊन साखर आण.’ सुमनला जायची लाज वाटत होती, कारण वाणी काहीतरी बोलणार हे तिला माहीत होते.”

समासात आलेले शेरे असे: एकाने ‘वाईट वाटत होते’ खाली रेघ ओढून ‘मला नाही वाटले’ असे लिहिले. दुसरीने ‘बसले’ आणि ‘उठला’ यांना गोल करून जोडले. तिसरा साताऱ्याकडचा, त्याने ‘हे आबा मुलीशी पुस्तकासारखे का बोलतात?’ असे विचारले. चौथ्याने फक्त साखरेपाशी बरोबरची खूण केली. पुनर्लेखनानंतरचा परिच्छेद असा:

“आबा गॅलरीत बसले होते. गिरणीचा भोंगा सहा महिने वाजला नव्हता, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला उठून ते रोज दाढी करत. ‘सुमे, साखर आन वाईच,’ ते म्हणाले. सदऱ्याच्या खिशाकडे त्यांचा हात गेला नाही. सुमनने वाटी घेतली आणि जिना उतरण्याऐवजी ती वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली.”

दाढी, खिसा, वाटी आणि वर जाणारा जिना यांतले काहीही चार वाचकांपैकी कुणी सुचवले नव्हते. त्यांनी फक्त चार जागा दाखवल्या. उधारीचे वाक्य तर पूर्ण गळाले, कारण वाण्याची वही आता तिसऱ्या प्रकरणात उघडलेली आहे. रचनेची दुरुस्ती आधी केल्याचा फायदा तो हाच: खालच्या पातळीवरची पुष्कळ वाक्ये आपोआप अनावश्यक ठरतात.

दुसरी फेरी आणि थांबण्याची जागा

सुधारलेला खर्डा त्याच चौघांना पुन्हा संपूर्ण वाचायला लावू नये. त्यांना फक्त बदललेली प्रकरणे द्यावीत आणि संपूर्ण वाचनासाठी एक नवा वाचक शोधावा, ज्याला पहिल्या खर्ड्यात काय होते हे माहीत नाही. जुन्या वाचकांच्या मनात काढून टाकलेले प्रसंगही शिल्लक असतात, त्यामुळे नव्याने पडलेली भगदाडे त्यांना दिसत नाहीत. म्हणून गटातल्या एकाला पहिल्या फेरीतून मुद्दाम वगळून राखून ठेवणारे लेखक मला शहाणे वाटतात.

फेऱ्या कुठे थांबवायच्या, याच्या दोन खुणा आहेत. वाचक आता या कादंबरीबद्दल न बोलता, त्यांना लिहायला आवडली असती अशा दुसऱ्या कादंबरीबद्दल बोलू लागले आहेत, ही पहिली. दुसरी खूण आपल्याच वहीत सापडते: मागच्या फेरीत बदललेले शब्द या फेरीत आपण पुन्हा पूर्ववत करू लागलो आहोत. यांपैकी एक जरी दिसली, तरी खर्डा प्रकाशकाकडे पाठवण्याजोगा झाला असे समजावे.

हक्काबद्दल नवे लेखक उगाच धास्तावतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क ते लिहिले गेल्याबरोबर लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि वाचून शेरे दिल्याने कुणी सहलेखनाचा वाटेकरी होत नाही. कल्पनेला मात्र कायद्याचे संरक्षण नसते, ते तिच्या मांडणीला असते. म्हणून खर्डा गटाबाहेर जाऊ नये, एवढे सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे. ऋणनिर्देशात नावे घालण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे. काहींना आपले नाव तिथे नको असते, विशेषतः पुढे त्याच पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याची शक्यता असेल तर.

आणि प्रुफे आली की ती या वाचकांपैकी कुणालाही देऊ नयेत. ज्यांनी मजकूर दोनदा वाचला आहे त्यांचे डोळे गळलेला शब्द मनातल्या मनात भरून पुढे जातात. लेखकाचे तर जातातच. प्रुफांसाठी कादंबरी कधीच न पाहिलेला, व्याकरणाचा पक्का आणि गोष्टीत न गुंतणारा माणूस गाठावा, आणि त्याला त्याचे मानधन रोख द्यावे.